बंडीत उबवलेलं तळं

शेवडेकाकांना मिठी मारायची सोय नव्हती. जबलपूर म्हणजे गळाभेटीचं गाव. होळीला, दिवाळीला, नवी गाडी घेतली म्हणून, जुनी विकली म्हणून, इथे लोक एकमेकांच्या गळ्यात पडतात. पण समोरच्याचे हात पसरायच्या आत काकांचा उजवा हात पुढे यायचा, चौकातल्या पोलिसाचा येतो तसा. "दुरून," म्हणायचे, "दुरूनच." नव्या माणसाला वाटायचं, काय हा ताठा. आमच्या गल्लीत मात्र सगळ्यांना माहीत होतं की काकांच्या बंडीच्या आतल्या खिशांत, छातीला लागून, चंपाताल या आमच्या तळ्याच्या पाण्याच्या शिश्या उबून राहिल्या आहेत, आणि त्यातली एक जरी फुटली तरी काका आपल्याशी महिनाभर बोलणार नाहीत.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. पुण्याला, लेकीच्या घरी. फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. तशीच पिठाच्या हातांनी खुर्चीवर बसले आणि डोळ्यांसमोर काय आलं, तर ती बंडी. एवढा मोठा माणूस, एवढ्या वर्षांचा शेजार, आणि आठवावी काय तर बंडी. माझंच मला हसू आलं, मग रडू आलं, आणि कणीक तशीच वाळली.

ती बंडी काकांनी गोहलपुरातल्या एका शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतली होती. आतून ओळीनं अरुंद, खोल खिसे, प्रत्येकाला वरून झाकण आणि बटण. काका इथल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला होते हे शिंप्याला ठाऊक होतं. त्यानं खिसे पाहिले, दुकानाचा पडदा ओढला आणि खालच्या आवाजात विचारलं, "साहब, कारतूस के लिए है क्या?" काका म्हणाले, उससे ज़्यादा खतरनाक चीज़ है. बिचाऱ्यानं पुढे एक अक्षर विचारलं नाही, आणि शिवण अशी पक्की घातली की बंडीचं कापड विरलं पण खिसे शेवटपर्यंत उसवले नाहीत.

कारखान्यात काका दारूगोळ्याच्या बाजूला नव्हते, पाण्याच्या होते. तिथल्या टाक्या, कँटीनचे नळ, वसाहतीच्या विहिरी, सगळ्यांचं पाणी तपासणारी जी लहानशी प्रयोगशाळा होती तिचे हे प्रमुख. कारखान्यात काय बनतं हे त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलं नाही, सख्ख्या बायकोलाही नाही. पण कँटीनच्या पाण्यात क्लोरीन किती होतं हे ते रस्त्यात थांबवून सांगत. काकू मी लग्न होऊन या गल्लीत आले त्याच्या आधीच वारल्या होत्या. लेक मेधा पुण्याला. मागे राहिले काका, त्यांचं घर, आणि पहाटेचं चंपातालाचं पोहणं. कॉलेजात असल्यापासून ते त्या तळ्यात पोहत होते. पावसाळ्याचे काही आठवडे सोडले तर एक दिवस खाडा नाही.

मला पाण्यात त्यांनीच उतरवलं. माझे गुडघे गेले होते, डॉक्टर म्हणाले पोहा, आणि मी गणिताची मास्तरीण, पंचेचाळिशी ओलांडलेली, पोहायच्या नावानं शून्य. काका म्हणाले, सलवार-कुर्ता घालून ये, ताल काही कपडे बघत नाही. पहिल्याच दिवशी कुर्त्यात हवा भरली आणि मी पाठीवर डबा बांधल्यासारखी तरंगायला लागले. घाटावरचे तिवारीजी, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, आमच्या पहाटेच्या मंडळीचे स्वयंघोषित अध्यक्ष, तिथून ओरडले, "दीदी, आप चाहकर भी नहीं डूब सकतीं." मी असली भडकले की रागाच्या भरात हातपाय मारले आणि चक्क चार हात पुढे गेले. मी काकांना विचारलं, जमलं का? काका म्हणाले, परवा सांगतो.

ही त्यांची दुसरी खोड. कुठल्याच गोष्टीवर मत लगेच द्यायचं नाही. शिशी दोन दिवस उबवल्याशिवाय पाण्याबद्दल बोलायचं नाही, हे नोकरीत अंगवळणी पडलं होतं, ते घरीही सुटलं नाही. पोहे कसे झाले म्हणून विचारा, काका मान हलवणार आणि परवा फाटकाशी थांबून सांगणार, "मीठ किंचित कमी होतं." कोणते पोहे, काहून सांगून राहिले, काही आठवायचं नाही. पनागरहून मटार घेऊन येणाऱ्या भाजीवाल्याला ते दोन दिवसांनी गाठून सांगत की परवाचे मटार गोड होते, आणि त्याला वाटे काका टोमणा मारताहेत, कारण आजचे जून होते. मेधानं मुलगा पसंत केला तेव्हा तो घरी येऊन, चहा पिऊन, पाया पडून पुण्याला परत गेला. काका गप्प. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन गेला, "मुलगा चांगला आहे." तोवर मेधा रडून रडून अर्धी झाली होती.

तळ्याचं पाणी तपासायचं मात्र त्यांनी निवृत्तीनंतर सुरू केलं. आमच्या मंडळीतल्या एकाला कावीळ झाली आणि तो कित्येक महिने अंथरुणाला खिळला. काकांनी ते फार मनाला लावून घेतलं. अख्ख्या कारखान्याचं पाणी तपासलं, म्हणायचे, आणि स्वतः ज्या पाण्यात नाकातोंडासकट रोज बुडतो ते पाहिलं नाही. मग शिश्या आल्या. शिशीत औषध लावलेली कागदाची पट्टी असायची, तिनं पाण्याला चहासारखा रंग यायचा. तळ्याचं पाणी थोडंसं, बाकी घरचं उकळून गार केलेलं, असं भरायचं, बूच लावायचं आणि उबेत ठेवायचं. दोन दिवसांत पाणी चहाच्या रंगाचं राहिलं तर पोहायला हरकत नाही. काळं पडलं, तर माणसाच्या पोटातली घाण तळ्यात शिरली आहे आणि आपल्या पोटात यायच्या वाटेवर आहे.

आधी त्यांनी उबेसाठी थर्माकोलच्या खोक्यात दिवा लावून पाहिला. पण एक तर वीज जायची, आणि दुसरं म्हणजे माझ्या सासूबाईंना त्या खोक्याचा पत्ता लागला. थंडीत दही लागत नाही म्हणून त्यांनी शेजारधर्मानं आपलं विरजण तिथे नेऊन ठेवलं, तळ्याच्या शिश्यांच्या मांडीला मांडी लावून. काकांनी ते पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दह्याचं भांडं त्यांनी दोन बोटांनी उचलून अंगणात नेऊन ठेवलं आणि त्या दिवसापासून ऊब बाहेरची घेतली नाही, स्वतःचीच वापरली. सासूबाईंनी ते दही उचलून आणलं, कढी केली, आणि कढी उत्तम झाली हे मला आजही कबूल करावं लागतं.

सोमवारी पाणी घ्यायचं, बुधवारी पहाटे शिशी घाटावरच्या दिव्याच्या खांबाला दोरीनं टांगायची. चहाचा रंग दिसला की उड्या मारायच्या, काळा दिसला की घरी जायचं. तिवारीजींना हे अजिबात पटत नसे. त्यांचा सगळा जन्म या तळ्यावर गेला होता. ते नुसते पोहत नसत, मधोमध थांबून तळ्याच्याच पाण्यानं खळखळून गुळण्या करत. आधा तो घर का पानी है, म्हणायचे, इसमें ताल का क्या दोष. पहिल्यांदा शिशी टांगली तेव्हा त्यांनी तिच्या शेजारी लिंबू-मिरची बांधली. काकांनी ती काढली नाही. उलट दर शनिवारी लिंबू बदललं नाही तर तिवारीजींना आठवण करून देत.

आणि एकदा शिशी काळी झाली. पूर्ण आठवडा घाट बंद. तिवारीजी धुसफुसत होते, बाकीचे पायऱ्यांवर बसून तळ्याकडे बघत होते. पुढच्या बुधवारी काका आले ते रिकाम्या हातांनी. आमच्या सगळ्यांसमोर उभे राहिले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "पानी साफ है. गंदा मैं हूँ." झालं होतं असं की शिशी भरताना त्यांचा अंगठा आत बुडाला होता आणि आधी ते हात धुवायला विसरले होते. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण नाही. तिवारीजींना तर घबाड मिळालं. त्यानंतर काकांनी काहीही सांगितलं, हवा बदलली, भाव वाढले, कुणाला मुलगा झाला, की तिवारीजी डोळे बारीक करून विचारत, "अँगूठा धोए थे?" काका तेवढ्याच गंभीरपणे म्हणत, हो, धुतला होता.

मग तळ्याच्या पलीकडच्या काठाला ते मॅरेज गार्डन झालं. दिवे, कारंजी, तळ्याकडे तोंड केलेलं स्टेज. लग्नसराई सुरू झाली आणि आमची शिशी काळी पडली. काकांनी अंगठा साबणानं घासला, पुन्हा भरली, पुन्हा काळी. जागा बदलून भरली, तरी काळी. त्यांनी काळी शिशी खांबाला टांगली, कपडे न उतरवता पायरीवर थोडा वेळ बसले आणि घरी गेले.

बाकीच्यांनी चारआठ दिवस दम धरला आणि मग एकेक जण चोरून उतरायला लागला. मीही उतरले असते, खोटं काहून बोलू, पण काकांच्या खिडकीसमोरून जावं लागायचं. काका उतरले नाहीत. खरं तर त्यांनाच कुणी अडवणारं नव्हतं, खांब त्यांचा, शिशी त्यांची. मी एकदा म्हटलंही, काका, डोकं वर ठेवून पोहा, एवढं काय. तर म्हणाले, "टांगणाराच उतरला तर मग टांगायची कशाला?"

पण माणूस सुकून गेला. जेवण कमी झालं, झोप गेली. आणि एका सकाळी सासूबाई गच्चीवरून ओरडत खाली आल्या की शेवडे भावजींना झटका आलाय, धावा. मी धावले. पाहते तो काय, काका त्यांच्या गच्चीवर लाकडी बाकावर पालथे पडून हातपाय मारत होते. संथ, बिनआवाजाचे, एका लयीत. मधूनच तोंड बाजूला वळवून श्वास घेत होते. डोळे मिटलेले. मी जिन्यातच थांबले आणि तशीच मागे फिरले. सासूबाईंना सांगितलं, व्यायाम करून राहिले. पुढे जवळजवळ दोन वर्षं रोज पहाटे काका त्या बाकावर पोहले. गल्लीतल्या लोकांना सवय झाली. दूधवाला खालून विचारायचा, "कहाँ तक पहुँचे, काकाजी?" पण मला मात्र त्या बाकाकडे बघवत नसे.

तिवारीजींनाही बघवत नसावं, कारण त्यांनी त्यांच्या पद्धतीनं उपाय केला. एका सोमवारी काका ज्या पायरीवर पाणी घ्यायचे तिथे त्यांनी आधी जाऊन ब्लीचिंग पावडर ओतली. बुधवारी शिशी चहाच्या रंगाची. घाटावर आनंदीआनंद. काकांनी घरी येऊन सोमवारी पायरीवर भिजलेली आपली तपकिरी पँट धुऊन दोरीवर वाळत घातली, तर ती गुडघ्यापर्यंत चट्ट्याचट्ट्यांनी पांढरी झाली होती. दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर ते तिवारीजींच्या शेजारी येऊन बसले. तिवारीजींच्या खांद्यावरचा लालभडक गमछा एका टोकाला, पावडरीची पुडी बांधून आणली होती तिथे, नेमका पांढराफटक पडला होता. काकांनी ते टोक हातात घेतलं, आपल्या पँटशी जुळवून पाहिलं आणि परत खांद्यावर नीट ठेवलं. तिवारीजींनी मुकाट्यानं दोघांच्या चहाची ऑर्डर दिली. काळी शिशी पुन्हा खांबावर गेली.

घाण मॅरेज गार्डनमधून येते अशी काकांना खात्री होती. मालक मात्र शपथा घेत होता की आमचा संडासाचा खड्डा पक्का आहे, एक थेंब बाहेर जात नाही. आणि दरवानानं काकांना फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. अशात तिवारीजींच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि हौस म्हणून त्यांनी हळदीचा कार्यक्रम तिथेच ठेवला. पत्रिका घेऊन ते काकांकडे आले तेव्हा काकांचा चेहरा असा उजळला की तिवारीजींना वाटलं, किती जीव आहे या माणसाचा आपल्या मुलीवर. जीव होताच. पण कारण ते नव्हतं.

हळद भर दुपारची होती. छान ऊन पडलेलं, सगळे पिवळे कपडे घालून, तळ्याच्या काठाला लागून नवरीचं आसन मांडलेलं. वर ड्रोन फिरत होता. काका बंडी घालून आले आणि आल्या आल्या पहिल्यांदा बाथरूममध्ये गेले. थोड्या वेळानं दुसऱ्या टोकाच्या बाथरूममध्ये गेले. मग बायकांच्या बाजूचं रिकामं आहे का म्हणून मला बघायला सांगितलं. तिवारीजींच्या बायकोनं ओवा आणि काळं मीठ घेऊन एका पोऱ्याला त्यांच्या मागे पाठवलं. मी विचारलं, काका, पोट बिघडलं का? त्यांनी बंडीचं टोक किंचित उघडून दाखवलं. खिशांत आज शिश्या नव्हत्या. होळीच्या पक्क्या राणी रंगाच्या पुड्या होत्या, रिकाम्या.

मी कपाळाला हात लावला आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, अरे वाह. काठाखालच्या झुडपांतून, जिथे पाइप आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, तिथून गुलाबी पाणी तळ्यात उतरत होतं. आधी थोडं, मग चांगलं रुंद. नवरी पुढे पिवळी, मागे तळं गुलाबी. फोटोग्राफर वेडा व्हायचा बाकी होता. मुलाकडची मंडळी सागरहून आली होती, त्यांचे वडीलधारे तर तिवारीजींचा हात धरून म्हणाले की असा इंतज़ाम आम्ही कुठेच पाहिला नाही, ख़र्च बहुत हुआ होगा. तिवारीजींनी अंग चोरून, विनयानं सांगितलं की बिटिया के लिए इतना तो करना ही पड़ता है.

आणि मग ते बघत राहिले. गुलाबी पट्टा थांबला नाही. हळूहळू वळला, तळं ओलांडत आमच्या घाटाकडे गेला आणि बरोबर त्या जागेपाशी पोचला जिथे तिवारीजी रोज उभे राहून गुळण्या करायचे. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं आणि त्याच्या मागे दुसरंच काहीतरी झालं. हात आपोआप तोंडावर गेला. त्यांनी गर्दीत काकांना शोधलं, जवळ जाऊन विचारलं, "शेवडेजी, ये वही है जो मैं समझ रहा हूँ?"

काका म्हणाले, "परसों बताता हूँ."

परवापर्यंत थांबायची तिवारीजींची तयारी नव्हती. रात्री लग्न लागलं, पहाटे मुलीची पाठवणी झाली आणि त्याच सकाळी, डोळे सुजलेले असताना, ते ड्रोनची चित्रफीत मोबाइलवर घेऊन मॅरेज गार्डनच्या मालकाकडे गेले. आकाशातून सगळं स्वच्छ दिसत होतं, पाइपपासून घाटापर्यंत गुलाबी रेघ ओढल्यासारखी. मालकानं कारणं दिली. तिवारीजी म्हणाले, ठीक आहे, येत्या प्रत्येक लग्नाला मी फाटकाशी बसून वऱ्हाडाला हे दाखवीन. गार्डाची नोकरी केलेला माणूस, स्वतः हिरवी झेंडी दाखवेपर्यंत गाडी हलू न देणारा. महिन्याभरात तो पाइप उखडला गेला आणि नवं पक्कं गटार झालं. तिवारीजींनी गुळण्या कायमच्या सोडल्या. पुढे कित्येक दिवस ते कमानिया गेटची खोव्याची जलेबी आणून काकांना खिलवत होते, आणि काका दोन दिवसांनी सांगत होते की चांगली होती.

पण तळं काही लगेच निवळत नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, शिशी काळीच. काकांचा बाक चालूच. त्यात काका स्वयंपाकघरात पाय घसरून पडले, आणि मेधा पुण्याहून आली ती तिकिटं काढूनच. आता इथे एकटं राहायचं नाही, कायमचं पुण्याला चलायचं. तिचं चूक नव्हतं. काकांनी भांडण केलं नाही. एवढंच म्हणाले की लागोपाठ तीन शिश्या चहाच्या राहू देत, एकदा पोहून घेतो, मग तू म्हणशील तिथे येतो. मेधा माझ्याकडे येऊन रडकुंडीला आली. वहिनी, म्हणाली, बाबा मला बाटल्यांवर टांगून राहिलेत. पुण्यात इतकी वर्षं काढून तिच्या तोंडी "राहिलेत" आलं हे ऐकून मला फार बरं वाटलं, पण ते बोलायची वेळ नव्हती.

पहिली शिशी चहाची राहिली. घाटावर कुणी श्वास मोठा घेईना. दुसरीही राहिली. मेधानं तिकिटं पुढे ढकलली. तिसरी काकांनी सोमवारी भरली, बंडीत घातली, आणि त्याच दुपारी त्यांना हुडहुडी भरून ताप चढला. छातीत कफ. अँब्युलन्स बोलवावी लागली.

दवाखान्यात नर्सनं बंडी काढायला सांगितली. काका नाही म्हणाले. ती म्हणाली, बाबूजी, बुखार देखना है. काका तापानं लाल झालेले, पण एकदम शुद्धीवर, तिला समजावून सांगू लागले की हाच ताप कामाचा आहे, थंडीत इतकी चांगली ऊब मला कधी मिळाली नव्हती, आता उतरवू नका. नर्सनं मेधाकडे पाहिलं, मेधानं माझ्याकडे. शेवटी तोडगा निघाला. बंडी निघाली आणि शिशी काखेत राहिली, एकीकडे शिशी, दुसरीकडे थर्मामीटर. तिवारीजी भेटायला आले ते पलंगाच्या कडेला उभे राहिले. काकांची चादर सारखी केली. मग म्हणाले, "अँगूठा धोए थे ना?" काका डोळे मिटूनच म्हणाले, साबणानं, दोनदा.

बुधवारी पहाटे ताप उतरला होता. मेधानं, तिवारीजींनी आणि मी, तिघांनी मिळून ती शिशी खिडकीच्या उजेडात धरली. चहाचा रंग. फिक्का, कोऱ्या चहाचा. मेधाच पहिल्यांदा रडली. काका उशीला टेकून बसले होते, आमच्याकडे बघत.

डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं की थंड पाण्यात उतरायचं नाही. मेधानं तिकिटं काढली. जायच्या आदल्या दिवशी, चांगलं ऊन वर आल्यावर, आम्ही काकांना घाटावर नेलं. फक्त पाय बुडवायचे असं ठरलं होतं, मेधानं तीनतीनदा कबूल करून घेतलं होतं. शाल, टॉवेल, थर्मास, सगळं घेऊन ती पायरीवर बसली. सोमवार होता. काकांनी वाकून नेहमीप्रमाणे शिश्या भरल्या, खिशांत घातल्या, बटणं लावली. मग ती बंडी काढून माझ्यापुढे धरली. "घाल," म्हणाले. "गार होऊ देऊ नकोस."

मी स्वेटरवरून बंडी घातली. बटणं लावायला खाली पाहिलं एवढंच, आणि पाण्याचा आवाज झाला. मान वर केली तोवर काका गेलेसुद्धा. मेधा उभी राहिली, तिनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मग तशीच खाली बसली. त्यांचे हात चालले होते, संथ, बिनआवाजाचे, एका लयीत. बाकावरचंच पोहणं, फक्त आता माणूस पुढे जात होता. बऱ्याच आत गेल्यावर ते उताणे झाले. पांढरे केस पाण्यावर पसरले, पोट वर आलं, डोळे आभाळाकडे.

मी सवयीनं विचारलं, "काका, पाणी कसं आहे?" विचारलं आणि मलाच वाईट वाटलं, कारण उत्तर परवा येणार आणि परवा काका पुण्यात असणार.

काकांनी मान वळवली. "मस्त आहे, सुलभा," ते तिथल्या तिथे म्हणाले. "फार मस्त आहे."

बाहेर आले तेव्हा कुडकुडत होते, ओठ निळे, आणि चेहरा असा की रागवायची कुणाची छाती झाली नाही. मेधानं त्यांना शालीसकट मिठी मारली आणि त्यांनी तिला घट्ट धरून ठेवलं. अंगावर बंडीच नव्हती. हे तिवारीजींच्या लक्षात आलं, आणि इतक्या वर्षांचं उट्टं काढत तेही गळ्यात पडले, पाठ थोपटत राहिले, भिजले. मग काका माझ्याकडे वळले, हसत, हात पसरून. मीही दोन पावलं पुढे झाले.

आणि मध्येच काका थांबले. त्यांची नजर माझ्या छातीवरच्या खिशांवर गेली, पसरलेल्या हातांपैकी डावा खाली आला आणि उजवा सरळ पुढे.

"दुरून," ते म्हणाले. "दुरूनच. तुझ्याकडे शिश्या आहेत."